विमान स्वदेशी, प्राण परदेशी

साहित्यसंस्थेच्या त्रैमासिकात विमानाच्या इंजिनाचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आरंभीच देतो. शब्दांची राखण करणे हे साहित्यसंस्थेचे काम असते, आणि अलीकडे आपल्या भाषेतला एक मोलाचा शब्द इतक्या सैलपणे वापरला जात आहे की त्याचा अर्थच झिजून चालला आहे. तो शब्द म्हणजे ‘स्वदेशी’.

हा शब्द आपल्या वाडवडिलांनी फार किंमत देऊन कमावला. १८७७ च्या दिल्ली दरबारात सार्वजनिक काका खादीचा पोशाख घालून गेले, तेव्हा तिथल्या जरीच्या गर्दीत तो वेष अनेकांना हास्यास्पद वाटला असेल. पण ते सूत काकांनी स्वतः कातलेले होते. पुढे पैसा फंडाने घरोघर एकेक पैसा गोळा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. त्या फंडाच्या चालकांना परदेशी काच आणून तिच्यावर मराठी नावाची चिठ्ठी डकवता आली असती. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी भट्टी उभारली आणि कारखान्याबरोबर काचकाम शिकवणारी शाळाही चालवली. वस्तूच्या मुळाशी असलेली विद्या आपल्या हाती येणे, हा त्या पिढीच्या लेखी स्वदेशीचा अर्थ होता. आज आपण तोच शब्द कशाला लावतो ते पाहू.

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी बडोद्यात सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. भारताचे आणि स्पेनचे असे दोन्ही पंतप्रधान त्या प्रसंगी हजर होते. लष्करी विमान संपूर्ण जुळवून बाहेर काढणारा खासगी क्षेत्रातला हा देशातला पहिलाच कारखाना. २०२१ सालच्या २१,९३५ कोटी रुपयांच्या करारानुसार छप्पन्न विमानांपैकी सोळा स्पेनमधून तयार होऊन यायची आणि चाळीस बडोद्यात बनायची, असे ठरले. विमानाचे मोठे भाग हैदराबादेत तयार होऊन येथे जुळणार. बडोदा आणि हैदराबाद ही दोन्ही आपल्या माणसांची जुनी गावे. तेव्हा आनंद होणे साहजिक आहे, आणि तो आम्हांलाही झाला. सुटे भाग अचूक मापात घडवणे, हजारो कामगारांच्या हाताला तशी शिस्त लावणे ही लहान गोष्ट नव्हे. बेळगावजवळ हत्तरगीला विमानांचे सुटे भाग करणारे कारखाने आहेत. तिथल्या कारागिरांच्या हाताला जगात मागणी आहे. या कष्टांना आमचा नमस्कार आहे.

पण सी-२९५ च्या पंखांखाली जी दोन इंजिने बसतात, ती प्रॅट अँड व्हिटनी कॅनडा या कंपनीची. ज्या सप्टेंबर २०२३ मध्ये सेव्हिल येथे पहिले विमान आपल्या वायुदलाच्या हवाली झाले, त्याच महिन्यात भारत आणि कॅनडा यांचे संबंध पार बिघडले. त्या भांडणात इंजिने कोणी मध्ये आणली नाहीत हे आपले सुदैव. परंतु शेजाऱ्याच्या विहिरीवर ज्याचे पाणी अवलंबून आहे, त्याने ‘अजून दोर कापला नाही’ म्हणून निश्चिंत झोपावे काय?

आपल्या इतर गावांच्या आकाशातही हेच चित्र आहे. ग्वाल्हेरच्या महाराजपूर तळावरून उडणाऱ्या मिराजमध्ये फ्रेंच इंजिन. गोव्यातल्या दाबोळीच्या तळावरील मिग-२९के मध्ये रशियन, आणि तिथूनच समुद्रावर पहारा करणाऱ्या पी-८आय मध्ये अमेरिका व फ्रान्स यांचे भागीदारीतले. मालवाहू विमानांची मोजदाद केली तर यादी आणखी लांबते. सी-१७ ला अमेरिकेतील प्रॅट अँड व्हिटनीचे इंजिन, सी-१३०जे ला रोल्स-रॉईसचे, आयएल-७६ ला रशियातल्या रिबिन्स्कचे, एएन-३२ ला युक्रेनच्या झापोरिझ्झ्याचे, डॉर्निअरला मूळच्या अमेरिकी आराखड्याचे. रसद वाहणाऱ्या या ताफ्यात मूळ कल्पनेपासून आपले असे एकही इंजिन नाही. याला आपण आत्मनिर्भरतेचा ताफा म्हणतो.

ही परिस्थिती काल-परवाची नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगलोरला विमानाचा कारखाना काढला, तेव्हापासूनचा हा इतिहास आहे. प्रांट्ल यांच्यासारख्या गुरूपाशी गटिंगेनला शिकून आलेले, कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी तिथे एचटी-२ हे शिकाऊ विमान रचले. १९५१ साली ते उडाले. रचना अस्सल आपली, इंजिन ब्रिटिश. १९६१ च्या जूनमध्ये ‘मरुत’ हे लढाऊ विमान उडाले. रचनाकार कुर्ट टांक यांनी ते ज्या जोमदार इंजिनासाठी आखले होते, त्याच्या विकासाचा खर्च आपण उचलला नाही. परिणामी सुंदर सांगाड्यात दुबळे ऑर्फियस बसले, आणि जे विमान ध्वनीच्या पुढे जायचे ते आयुष्यभर त्याच्या मागेच राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कानपूरला जुळवलेले पहिले ॲव्हरो मालवाहू विमान उडाले. त्याला रोल्स-रॉईसचे डार्ट इंजिन होते. आज बडोद्यात बनणारे सी-२९५ हे त्याच ॲव्हरोच्या जागी येत आहे. कानपूर ते बडोदा, १९६१ ते २०२४. त्रेसष्ट वर्षांनी आपण पुन्हा त्याच पायरीवर उभे राहून नारळ फोडला.

यावर कोणी म्हणेल की ही इंजिने आपण देशातही बनवतो की! खरे आहे. ओडिशातल्या कोरापुट येथे सुखोईची इंजिने बनतात. आधी मिगची बनत होती. पण परवान्याने बनवणे आणि स्वतः निर्मिणे यांतले अंतर साहित्याच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नसावी. एखाद्या ग्रंथाची सुवाच्य अक्षरांत शंभर वेळा नक्कल करणारा लेखनिक त्या ग्रंथाचा कर्ता होत नाही. नकलेत कुठला शब्द का आला, हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे एक पान गहाळ झाले तर ते त्याला पुन्हा लिहिता येत नाही.

इंजिनाच्या बाबतीत हे ‘का’च सर्वांत दुर्मिळ आहे. टर्बाइनच्या पात्यांवरून वाहणारा वायू पुष्कळदा त्या पात्याच्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही तप्त असतो. त्यात ते पाते मिनिटाला हजारो फेरे घेते, आणि त्याच्या मुळाशी काही टनांची ओढ असते. साधा धातू अनेक कणांचा बनलेला असतो. उष्णता आणि ताण यांनी त्या कणांच्या सांध्यांतून तो हळूहळू लांबत जातो आणि शेवटी फाटतो. म्हणून अख्खे पाते एकाच स्फटिकाचे वाढवतात: साच्याच्या तळाशी नागमोडी वाट ठेवायची, तिच्यातून एकच कण वर येऊ द्यायचा आणि त्याच्यावर सगळे पाते चढू द्यायचे. पात्याच्या पोटात पोकळ नाड्या ठेवायच्या, अंगाला बारीक छिद्रे पाडायची, त्यांतून थंड हवेचा पातळ पदर पात्यावर पसरवायचा आणि वरून उष्णतारोधक लेप द्यायचा. यांतले प्रत्येक तत्त्व पुस्तकात सापडते. भट्टी कोणत्या वेगाने थंड करावी, शंभरातली किती पाती फेकावी लागतात आणि ती का फसतात, हे मात्र पुस्तकात नसते. ते पन्नास वर्षे पाती फेकलेल्या माणसांच्या हातांत असते. ज्यांच्याकडे ते आहे ते विमान विकतात, इंजिन विकतात, दुरुस्तीही शिकवतात. हे मात्र देत नाहीत. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आपण त्यांच्या जागी असतो तर दिले असते काय?

आता या परावलंबनाची प्रत्यक्ष किंमत पाहू. एएन-३२ ही आपल्या वायुदलाची बैलगाडी. लडाख असो की अरुणाचल, डोंगरातल्या चौक्यांना पीठमीठ पोचवणारी हीच. या ताफ्यातल्या एकशे पाच विमानांच्या नूतनीकरणाचा करार २००९ साली युक्रेनशी झाला. चाळीस तिकडे व्हायची, उरलेली कानपूरला. २०१४ साली क्रिमियाचा प्रश्न पेटला, सुट्या भागांचा ओघ आटला आणि कानपूरचे काम रखडले. २०२२ साली युद्ध भडकले आणि झापोरिझ्झ्याच्या इंजिन कारखान्यावर क्षेपणास्त्रे आदळली. त्याच ए.आय.-२० घराण्याची इंजिने गोव्यातल्या आपल्या नौदलाच्या आयएल-३८ विमानांना होती. ती विमाने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. इकडे आयएल-७६ चे इंजिन रशियाचे. म्हणजे एकमेकांशी लढणारे दोन देश, आणि आपल्या रसदीचा एक पाय एकाच्या अंगणात, दुसरा दुसऱ्याच्या. या युद्धात आपण कोणाच्याच बाजूचे नव्हतो, तरी त्याची झळ आपल्या हँगरपर्यंत आली.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. वीस टन ओझे वाहणारे मालवाहू विमान रशियाच्या भागीदारीत बनवायचे, असे २००७ साली ठरले. २०१० साली संयुक्त कंपनी निघाली. दोन्ही देशांनी तीस-तीस कोटी डॉलर घालायचे होते. पण इंजिन कोणते, यावर गाडे अडले. रशियाला आपले जुने पी.एस.-९० बसवायचे होते. आपल्या वायुदलाला संपूर्ण संगणक-नियंत्रित, नव्या घडणीचे इंजिन हवे होते. मागणी अगदी योग्य, पण ते इंजिन आपल्यापाशी नव्हते आणि त्यांना द्यायचे नव्हते. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, अशी स्थिती आली आणि काही वर्षांत त्या विमानाचे श्राद्धच झाले. मग डिसेंबर २०२२ मध्ये त्याच गरजेसाठी जगातल्या विमान कंपन्यांना पुन्हा विचारणा करावी लागली. विमानांच्या बाजारात इंजिनावाचून जाणारा ग्राहक भागीदार होऊ शकत नाही. तो गिऱ्हाईकच राहतो.

येथे ‘कावेरी’चे नाव निघणारच. १९८९ साली ३८२ कोटी ८१ लाख रुपयांच्या मंजुरीने बंगलोरच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेने हे इंजिन हाती घेतले. ते तेजससाठी होते आणि १९९६ अखेर पुरे व्हायचे होते. ते झाले नाही. २००८ साली तेजसशी त्याची फारकत झाली. महालेखापरीक्षकांनी २०११ साली ताशेरे ओढले, वृत्तपत्रांनी खिल्ली उडवली आणि ‘आपल्याला इंजिन जमत नाही’ हे सुशिक्षितांच्या दिवाणखान्यातले ठरीव वाक्य होऊन बसले. आमची तक्रार या वाक्याविरुद्ध आहे, कारण ते आळशी वाक्य आहे. कावेरी कोठे कमी पडले, हे विचारण्याचे कष्ट ते घेत नाही.

कावेरी मुख्यतः दोन ठिकाणी कमी पडले. एक, त्याचे वजन ठरल्यापेक्षा शंभराहून अधिक किलोंनी जास्त भरले. दोन, शेपटाकडे जादा इंधन जाळून क्षणभर अफाट जोर काढण्याची जी युक्ती लढाऊ विमानाला लागते, त्या ज्वलनासह त्याचा जोर एक्क्याऐंशी किलोन्यूटन अपेक्षित होता, तो सत्तरच्या आसपासच थांबला. ते जादा ज्वलन बाजूला ठेवले तर त्याचा मूळचा जोर सुमारे पन्नास किलोन्यूटन, म्हणजे उद्दिष्टाच्या अगदी जवळ आला होता. आता वाचकांनीच विचार करावा. मालवाहू विमानाला शेपटीत जादा ज्वलन लागत नाही. शंभर-सव्वाशे किलो वजन वाढल्याने लहान लढाऊ विमानाचा तोल आणि चपळाई बिघडते. दीडदोनशे टनांच्या मालवाहू विमानाला त्याचे तितकेसे काही वाटत नाही. लढाऊ विमानात इंजिन एक. ते बंद पडले की वैमानिकाला उडी मारावी लागते. चार इंजिनांच्या मालवाहू विमानात एक नवखे इंजिन लावले आणि ते रुसले, तर उरलेली तीन विमान घरी आणतात. याचा अर्थ कावेरी जसेच्या तसे उचलून मालवाहू विमानाला लावता आले असते असा नाही. त्याच्या गाभ्यापुढे मोठा पंखा हवा, तो फिरवणारी वेगळी टर्बाइन हवी, हजारो तास विनातक्रार चालण्याची सहनशक्ती हवी आणि इंधनाची काटकसर हवी. हे काम सोपे नाही. पण ते आपल्या कमतरतांना पोटात घालणारे आणि आपल्या बलस्थानांना वाव देणारे काम आहे. आपण मात्र सर्वांत अवघड परीक्षेला आधी बसलो, नापास झालो आणि शाळाच सोडून देण्याच्या गोष्टी करू लागलो.

यातला दैवदुर्विलास तर पाहा. ३ नोव्हेंबर २०१० रोजी कावेरीने पहिल्यांदा आकाश पाहिले, ते मॉस्कोजवळच्या ग्रोमोव्ह संस्थेत, आयएल-७६ या मालवाहू विमानाच्या चार इंजिनांपैकी एकाच्या जागी बसून. एक तासाहून अधिक काळ ते उडाले. मालवाहू विमानाला ओढत नेणारे भारतीय इंजिन जगाने त्या दिवशी पाहिले, पण ते परक्याच्या विमानावर आणि परक्याच्या आकाशात. त्याच जातीची सतरा विमाने ‘गजराज’ या नावाने १९८५ पासून आपल्या वायुदलात झुलत आली होती. त्यांतला एक हत्ती या संस्थेच्या दारात बांधावा, हे एवढ्या वर्षांत कोणाला सुचले नाही! उंचीवरील हवेची परिस्थिती निर्माण करणाऱ्या चाचणीगृहासाठीही रशियाचीच वाट धरावी लागली. ज्याच्या घरी तालमीची जागा नाही, त्याने कुस्ती हरली म्हणून त्याच्या रक्ताला दोष देणे हा कुठला न्याय?

ज्यांनी हे साधले त्यांचा मार्ग पाहावा. चीनचे वाय-२० हे मोठे मालवाहू विमान जानेवारी २०१३ मध्ये उडाले, तेव्हा त्यालाही रशियाचीच इंजिने होती. चीनने ती मुकाट्याने विकत घेतली, विमान २०१६ साली सेवेत आणले आणि दुसरीकडे आपल्या लढाऊ विमानाच्या इंजिनाच्या अनुभवावर डब्ल्यू.एस.-२० हे मोठ्या पंख्याचे इंजिन घडवणे चालू ठेवले. त्याची चाचणी आयएल-७६ वरच झाली, पण ते आयएल-७६ चीनचे स्वतःचे होते. आज वाय-२० चे नवे रूप त्या इंजिनांवर उडते. चीनची लढाऊ इंजिनेही आरंभी बदनामच होती. त्यांच्या वैमानिकांचा रशियन इंजिनावरच अधिक भरवसा होता. फरक इतकाच की त्यांनी नापास मुलाला घराबाहेर काढले नाही. २०१६ साली विमान-इंजिनांसाठी त्यांनी स्वतंत्र सरकारी महामंडळ काढले, त्याचे भांडवल पन्नास अब्ज युआन, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे पन्नास हजार कोटी रुपये. कावेरीवर दोन दशकांत आपण खर्चले ते सुमारे दोन हजार कोटी. छप्पन्न सी-२९५ विमानांना मोजलेल्या रकमेच्या हा दहावा हिस्साही नाही. रुपयाचे बदललेले मोल हिशेबात घेतले तरी ही विषमता झाकत नाही.

चीनचे नाव काढले की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांच्यासाठी जपान. समुद्रावर टेहळणी करणाऱ्या पी-१ या चार इंजिनी विमानासाठी जपानने एफ-७ हे इंजिन स्वतः घडवले. त्याचा जोर साठ किलोन्यूटनांच्या घरात, म्हणजे कावेरीच्या पंक्तीतला. चाचणीसाठी त्यांनी आपल्याच सी-१ या मालवाहू विमानाचा उपयोग केला. पुढे समुद्राच्या खाऱ्या हवेने त्या इंजिनांना गंज चढू लागला आणि जपानच्या लेखापरीक्षकांनी २०२५ साली त्यावर बोट ठेवले, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. पण दुखणे आपल्या घरच्या माणसाचे असले की वैद्यही आपला असतो, आणि पुढच्या वेळची मात्रा त्याला ठाऊक असते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप व्यवहारी माणसांचा: जगाच्या बाजारात उत्तम इंजिने मिळतात, ती घ्यावी आणि पैसा वाचवावा. बाजारात वस्तू मिळते, अभय मिळत नाही. १९९८ साली पोखरणनंतर अमेरिकेने निर्बंध घातले तेव्हा तेजसवर तिथे काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परतावे लागले आणि त्यांची सामग्री तिकडेच अडकली. निर्बंध नसतानाही काय होते, ते तेजसच्याच नव्या आवृत्तीने दाखवले: २०२१ साली नव्व्याण्णव इंजिनांची मागणी नोंदवली, पहिले इंजिन हाती पडायला २०२५ चा मार्च उजाडला. तोवर विमानांचे सांगाडे इंजिनाची वाट पाहत उभे होते. कोणाचे वैर नव्हते. विकणाऱ्याच्या अडचणी होत्या, इतकेच. घेणाऱ्याच्या अडचणी त्याच्या वेळापत्रकात बसत नाहीत.

दुसरा आक्षेप जाणकारांचा: युरोपचे काय झाले ते पाहा. ए-४००एम या मालवाहू विमानासाठी युरोपच्या देशांनी २००३ साली कॅनेडियन पर्याय नाकारून राजकीय आग्रहाने नवे इंजिन घडवायला घेतले. विमान वर्षानुवर्षे रखडले, आणि ९ मे २०१५ रोजी सेव्हिलजवळ एका विमानाला अपघात होऊन चौघे मेले. चारपैकी तीन इंजिनांच्या नियंत्रण-प्रणालीतली आवश्यक माहितीच पुसली गेली होती. हा आक्षेप वजनदार आहे, पण तो आमच्या बाजूने बोलतो. युरोप चुकला तो इंजिन आणि विमान यांना एकाच मुहूर्तावर बोहल्यावर चढवून. तेजस-कावेरीची चूकही हीच होती. म्हणूनच आमचे म्हणणे असे की इंजिनाला कोणत्याही एका विमानाच्या तारखेला बांधू नये. विमान आज परक्या इंजिनावर उडू द्यावे; इंजिन आपल्या गतीने, आपल्या चाचणी-विमानावर तयार व्हावे.

तिसरा आक्षेप आशावाद्यांचा: १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी लढाऊ विमानांच्या स्वदेशी जेट इंजिनाचे आवाहन केले, त्यानंतर फ्रान्सच्या साफ्राँबरोबर इंजिन घडवण्याची घोषणाही झाली, मग आता चिंता कसली? आवाहनाचे आम्ही स्वागत करतो. परंतु त्यातही भर लढाऊ विमानावरच आहे, हे नजरेआड करू नये. भागीदारीविषयी म्हणाल तर फ्रान्सचाच इतिहास मासल्याला घ्यावा. साफ्राँची पूर्वज कंपनी स्नेक्मा हिने सत्तरीच्या दशकात अमेरिकी जनरल इलेक्ट्रिकशी भागीदारी केली. इंजिनाचा गाभा अमेरिकी बाँबफेकी विमानाचा. तो अमेरिकेतच बनेल, फ्रान्समध्ये येईल आणि तो जोडण्याच्या जागी फ्रेंचांना प्रवेश नसेल, अशी अट १९७३ साली घालण्यात आली. फ्रेंचांनी अपमान गिळला, पुढचा पंखा आणि मागची टर्बाइन आपल्या हाती घेतली आणि त्यातून जगात सर्वाधिक खपलेल्या इंजिनांपैकी एक घडवले. आज तेच घराणे आपल्याला शिकवायला निघाले आहे. त्यांनी जे स्वतः सोसले ते ते विसरले नसतील. बंद खोलीचे मोल त्यांना पक्के ठाऊक आहे.

तरीही शिकणाऱ्याची जिद्द असेल तर भागीदारी फळते, याचा दाखला आपल्याच घरात आहे. १९७४ च्या करारानुसार आपले अवकाश-अभियंते फ्रान्समधल्या व्हेर्नाँला जाऊन त्यांच्या रॉकेट-इंजिनावर राबले. मोबदला म्हणून पैसा न घेता त्यांनी विद्या घेतली. तेच आपले ‘विकास’ इंजिन. पुढे क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान अमेरिकेच्या दबावाने १९९३ साली रशियाने नाकारले, तेव्हा ती संस्था वीस वर्षे अपयश पचवत राहिली आणि ५ जानेवारी २०१४ रोजी आपल्या इंजिनावर उपग्रह वर नेला. त्या वीस वर्षांत तिच्या हातातून काम कोणी काढून घेतले नाही. इंजिनाच्या बाबतीत या देशाच्या बुद्धीला वैगुण्य आहे असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे. विमान-इंजिनांसाठी स्वतंत्र संस्था असावी आणि तिचा निधी पंचवीस वर्षांसाठी बांधलेला असावा; दर अर्थसंकल्पात तिला पदर पसरावा लागू नये. सेवेतून उतरणाऱ्या आयएल-७६ पैकी निदान एक विमान कायमचे चाचणीसाठी द्यावे. लढाऊ इंजिनाच्या जोडीने मालवाहू विमानाचे मध्यम जोराचे इंजिन हे उद्दिष्ट अधिकृतपणे स्वीकारावे. हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने २०२१ साली हेलिकॉप्टर-इंजिनासाठी एकस्फटिकी साठ पाती घडवून दिली. ती साठ कुठे थांबतात आणि साठ हजार कशी होतात, याचा आराखडा देशापुढे ठेवावा. आणि जोवर हे होत नाही तोवर परक्या इंजिनाच्या विमानाला ‘भारतात जुळवलेले’ म्हणावे. त्यात लाज नाही. लाज खोट्या विशेषणात आहे.

शेवटी थोडे आपल्या घराकडे पाहू. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आपल्यापैकी अनेकांना प्रिय आहे. तिला भरवशाचा समकालीन पुरावा नाही. आणि ज्या ‘वैमानिकशास्त्रा’च्या आधारे ती आजही सांगितली जाते, त्यातली विमाने उडूच शकत नाहीत असा निष्कर्ष बंगलोरच्या विज्ञानसंस्थेतील संशोधकांनी १९७४ सालीच काढला. तरी मंगल कार्यालयांत आणि व्याख्यानमालांत ती कथा रंगते, आणि खरोखर उडालेली विमाने रचणाऱ्या घाटग्यांचे नाव त्याच सभागृहात दहा जणांना ठाऊक नसते. जो समाज न उडालेल्या विमानाचा अभिमान बाळगतो आणि उडालेल्याचा रचनाकार विसरतो, त्याला जुळवलेले विमान स्वदेशी वाटले तर नवल नाही.

बडोद्याने याच्या अगदी उलट धडा घालून दिला होता. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढले, ते रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम देशी भाषांतून शिकवण्यासाठी. परदेशी यंत्रे विकत घेण्याइतका पैसा महाराजांच्या खजिन्यात होता. तरी त्यांनी यंत्र समजणारी माणसे घडवायला घेतली. कॅमेरा हाती धरून चित्रपटाची सगळी यंत्रविद्या आत्मसात करणारे दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. आपल्या घरांतली हुशार मुले आज कुठे जातात? धातुशास्त्राला प्रवेश मिळाला म्हणजे ‘संगणक मिळाला नाही का?’ म्हणून हळहळणारे आपणच. इंजिन घडवायचे तर भट्टीपाशी तीस वर्षे उभी राहणारी पिढी लागते. ती कोणत्याही मंत्रालयाला परदेशातून मागवता येणार नाही. ती द्यायची असेल तर तुमच्या-आमच्या घरांनाच द्यावी लागेल.

बडोद्याच्या कारखान्यातून एकेक विमान बाहेर पडेल तेव्हा टाळ्या जरूर वाजवाव्या. टाळ्या थांबल्यावर मात्र पंखाखालच्या त्या दोन इंजिनांकडे बोट दाखवून प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा: हे केव्हा आपले होणार? तो प्रश्न विचारणे ज्या दिवशी आपण सोडू, त्या दिवशी ‘स्वदेशी’ हा शब्द कोशात उरेल, पण त्याच्यासमोरचा अर्थ पुसलेला असेल.